फाटकावरची मिठाची पुडी

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडावं, हा प्रश्न त्वानच्या घराला गेली कित्येक वर्षं पडलाच नव्हता. उयेन बाई यायच्या. फाटकाशी उभ्या राहून, "त्वानभाऊ, उठलात का? वर्ष येऊन दारात उभं आहे," अशी हाक द्यायच्या. त्वान लगबगीनं दार उघडायचा आणि बाई उजवा पाय आत टाकून लाल कागदातली मिठाची पुडी त्वानच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, हातावर ठेवायच्या. झालं, वर्षभराची काळजी मिटली. बाई नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यात नकाशा विभागाच्या मुख्य होत्या, दोन मुलगे हाताशी आलेले होते, आणि त्या माकडाच्या वर्षात जन्मलेल्या तर त्वान उंदराच्या, म्हणजे एकमेकांशी जमणारी वर्षं. पहिल्या पावलाला याहून जास्त काय लागतं? त्वानच्या मुलाचं, खोयचं लग्न, त्याचं रंगाचं दुकान, मुलीची, मिएनची बाईंच्याच विभागातली नोकरी, हे सगळं बाईंच्या पावलाचं देणं आहे असं आजी येईल त्याला सांगायची.

यंदा मात्र ठरवायची वेळ आली, कारण पावसाळा सरता सरता बाईंची खुर्ची गेली. धक्क्यावर उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या मागच्या भागाचे सांधे पुन्हा तपासल्याशिवाय ते पाण्यात सोडायचं नाही, असं बाई भर बैठकीत म्हणाल्या. कारखान्याचे नवे संचालक लाम साहेब, त्यांना सांध्यांपेक्षा ठरलेली तारीख प्यारी होती. त्यांनी बाईंना सल्लागार केलं. सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला कुणी घेत नाही तो, एवढं कारखान्याच्या मांजरालाही कळतं. बाईंना गोदामाशेजारची एक खोली मिळाली आणि इकडे आजीनं पंचांग काढलं.

"बाईंचं पाऊल वाईट आहे असं मी कुठं म्हणते," आजी म्हणाली. "पण उतरत्या माणसाचं पाऊल घरात घेतलं, की घरही त्याच्यामागून जिना उतरायला लागतं."

मग लाम साहेबांनाच बोलवू, असं खोयनं सुचवलं. सुट्टीनंतर मिएनला विभागाची मुख्य करायचं साहेबांच्या मनात होतं, आणि जहाजाला रंग लागतो हे खोय कधीच विसरत नसे. त्वान बरेच दिवस घुम्यासारखा बसून राहिला. आयुष्यभर वेल्डिंगचं जोडकाम करून त्याचे डोळे निम्मे गेले होते, आता जीभही गेली की काय असं घरच्यांना वाटलं. शेवटी तो मुलीला म्हणाला, की बाई तुझ्या आहेत तर तूच सांग. यंदा त्रास घेऊ नका म्हणावं. जरा बऱ्या शब्दांत सांग.

मिएन गेली, तास दीड तासानं परत आली आणि "सांगितलं" एवढंच म्हणून स्वयंपाकघरात शिरली.

आता पहिल्या सकाळी सगळे नवे कपडे घालून बसले होते. देव्हाऱ्यात उदबत्त्या जळत होत्या, पीचची फांदी फुलदाणीत फुलली होती, उकडलेली कोंबडी झाकून ठेवली होती. दार बंद होतं, कारण लाम साहेब येईपर्यंत कुणी आत यायचं नव्हतं आणि घरच्यांनीही बाहेर जायचं नव्हतं. बाहेर झिरमिर चालली होती. खोयची बायको थाओ वहिनी कडेवरच्या पोराला टरबुजाच्या बिया सोलून देत होती आणि मनातल्या मनात साहेबांना लवकर यायला सांगत होती, कारण तिला भूक लागली होती.

एक मोपेड गल्लीत वळली. फाटकाशी थांबली.

"आले," खोय म्हणाला आणि सदरा सारखा करत उठला.

"त्वानभाऊ, उठलात का?" बाहेरून हाक आली. "वर्ष येऊन दारात उभं आहे."

खोय जिथल्या तिथं उभा राहिला. थाओनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. उयेन बाई रेनकोटमध्ये उभ्या होत्या, आतून त्यांचा ठेवणीतला निळा लांब अंगरखा दिसत होता, आणि लाल पुडी भिजू नये म्हणून त्यांनी ती तळहाताखाली धरली होती. थाओ या घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती. पण तिच्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्यातली खोली याच बाईंनी कुणाला तरी सांगून मिळवून दिली होती, ते तिला त्या फटीशी आठवलं आणि ती मागे सरकली.

"सांगितलं होतंस ना?" आजीनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

मिएन उठून दाराकडे निघाली.

बाईंनी पुन्हा हाक मारली, आता जरा हळू. घरात दिवे लागलेले होते. उदबत्तीचा वास फाटकापर्यंत जात असणार. गाड्या अंगणात उभ्या होत्या. अशा घरात कुणी नाही असं समजायला माणूस आंधळा, बहिरा आणि सर्दी झालेला हवा. आणि तेवढ्यात आजीला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडात कोंबला, पण खोकला काही लपून राहिला नाही.

मिएन दारापाशी गेली होती. तिचा हात कडीवर होता. घरातल्या साऱ्यांचे डोळे तिच्या पाठीवर होते, पण कुणी तिचा हात धरला नाही, कुणी वाट अडवली नाही. पुढे कितीतरी वेळा तिनं स्वतःला समजावायचा प्रयत्न केला की खोयनं आपल्याला मागं ओढलं असावं. नव्हतं ओढलं. कडी लोखंडाची होती, थंड होती, आणि ती तिनं स्वतःच सोडली.

बाहेर रेनकोटची सळसळ झाली. मग फाटक किंचित किणकिणलं आणि मोपेड निघून गेली.

लाम साहेब आले ते उशिरा, पण मोठ्या गाडीतून. दार धाडकन उघडलं गेलं, सगळे हसले. साहेबांनी उजवा पाय आत टाकला आणि हातातली लाल पुडी पुढे केली. "तुमच्या फाटकाला कुणी सणाचं मीठ विकणारा हे अडकवून गेला होता," ते म्हणाले. "म्हटलं, भिजेल, आत घेऊन यावं." त्यांनी ती आजीच्या हातावर ठेवली, तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि वर न बघता देव्हाऱ्याशी नेऊन ठेवली. साहेबांना वाटलं, म्हातारीला भरून आलं.

ते चहा प्यायले, पोराच्या हातात सणाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं, मिएनच्या वडिलांना म्हणाले की मुलगी हुशार आहे, मुख्य म्हणजे समजूतदार आहे. उगाच मध्ये बोलत नाही. कामाला अशीच माणसं लागतात. त्वाननं "हो साहेब" म्हटलं. मिएननं चहा ओतला. समजूतदार हा शब्द तिला चपराकीसारखा लागला, कारण साहेब कोणत्या बैठकीबद्दल बोलत होते ते तिला ठाऊक होतं.

त्या बैठकीत साहेबांनी टेबलाभोवती एकेकाला विचारलं होतं, की उयेन बाईंशी कोण सहमत आहे. सांध्यांचे नकाशे मिएनच्याच समोर होते. बाई तपासायला का म्हणतात हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा तिनं नकाशात डोकं घातलं, आणि साहेब "ठीक आहे" म्हणून पुढच्याकडे वळले. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही, हेच जास्त लागलं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्वाननंच तिला बाईंकडे नेलं होतं. "बाई, पोरगी तुमच्या पदरात घालतो," म्हणाला होता. बाई म्हणाल्या होत्या, पदरात बिदरात नको, टेबलाशी बसू दे. मग दर सोमवारी सकाळी मिएननं त्यांच्याकडे जायचं अशी पद्धत पडली. प्रश्न एकटा आणायचा नाही, त्याच्या जोडीला स्वतःचं उत्तर आणायचं, चुकलं तरी चालेल. जहाजाच्या तळातल्या बोळांतून बाई तिला विजेरी घेऊन रांगत न्यायच्या. "मला खूश करायला माझ्यामागे येऊ नकोस," त्या अंधारात सांगायच्या. "खूश करणारे पुष्कळ आहेत. मी चुकले तर थांबव, आणि बरोबर असले तर मोठ्यानं म्हण." पहिलं मिएन शिकली होती. एकदा तिनं बाईंचं गणित त्यांच्याच समोर खोडलं होतं आणि बाईंनी त्या आनंदात साऱ्या विभागाला कॉफी पाजली होती. दुसरं मात्र तिला जमलं नाही.

साहेब गेल्यावर सगळे जेवायला बसले. त्वाननं सार तोंडात घेतलं आणि वाटी खाली ठेवली. साराला मीठ नव्हतं. थाओ खाली मान घालून म्हणाली की बरणी रिकामी आहे. जुनं मीठ वर्षअखेरीला संपवायचं आणि नवं बाईंच्या पुडीतलं भरायचं, अशी रीतच होती. यंदा वेगळं आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दुकानं तर बंद.

आजीनं देव्हाऱ्याशी ठेवलेली पुडी उचलली. लाल कागदाचा रंग तिच्या बोटांना लागला. "एवढं सांगितलं तरी आल्या," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "माणसाला समजायला नको?"

"मी सांगितलंच नव्हतं," मिएन म्हणाली.

खोयनं चमचा ठेवला. मिएन पुढे बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. ती बाईंच्या खोलीत गेली होती. बाईंनी चहा केला, खोयचं पोरगं बोलायला लागलं का विचारलं, आणि म्हणाल्या की यंदा आपल्याला दुसऱ्या कुणाचं बोलावणं नाही, तेव्हा तुमच्याकडे सावकाश बसता येईल. त्यावर मिएन "हो बाई" म्हणाली होती.

"अगं, मग आम्हाला तरी सांगायचं," खोय चिडून म्हणाला. "मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो असतो. तिथूनच काहीतरी सांगून परत पाठवलं असतं."

"काय सांगितलं असतं?" थाओनं विचारलं. नवऱ्याला ती चारचौघांत कधी बोलत नसे. "घरी कुणी नाही म्हणून?"

"तू गप्प बस. दुकान कशावर चालणार आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझं पोर कुठल्या खोलीत जन्मलं तेही माहीत आहे."

त्वान सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला मुलीचा राग यायला हवा होता. पण बाईंना सांगायचं काम त्याचं स्वतःचं होतं आणि ते त्यानं तिच्यावर ढकललं होतं, हे त्याला आत्ता नव्हे, तिला पाठवतानाच कळलं होतं. बाईंनी हाक मारली ती त्याच्या नावानं मारली. आतल्या कुणाच्याही आधी त्यानं उठायला हवं होतं. तो खुर्चीत बसून आपल्या नव्या सदऱ्याच्या गुंड्या बघत राहिला होता.

"घाल ते मीठ," तो आईला म्हणाला. "इतकी वर्षं खाल्लं त्याला जागलो नाही. आता आणखी लाजून काय होणार?"

आजीनं सारात मीठ घातलं. सार चवीला बरोबर झालं. कुणी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, सणाचा पहिला दिवस बापाचा, दुसरा आईच्या माहेरचा आणि तिसरा गुरूचा. दुसऱ्या दिवशी थाओ पोराला घेऊन माहेरी गेली, आणि खोय एरवी कुरकुरत का होईना बरोबर जायचा, तो गेला नाही. तिसऱ्या सकाळी मिएन कोट चढवून खाली आली तेव्हा तो दारातच उभा होता. साहेबांची माणसं बाईंच्याच भागात राहतात, तो म्हणाला. त्या गल्लीत तुला कुणी पाहिलं तर दुपारपर्यंत साहेबांच्या कानावर जाईल. पद मिळेपर्यंत तरी थांब. मग जा, पिढ्यान्‌पिढ्या जा.

मिएननं त्याला बाजूला केलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि तिच्या मनात खरोखर येऊन गेलं की याचं म्हणणं काही चुकीचं नाही. स्वतःची तिला तेव्हा फार किळस आली.

त्वाननं अंगणातली मोटारसायकल बाहेर काढली. "बस," तो मुलीला म्हणाला. 

आजी आतून लगबगीनं आली. तिच्या हातात हिरव्या पानांत बांधलेला चिकट भाताचा चौकोनी चुंग होता, तिनं स्वतः बांधलेला, सगळ्यांत नीट बांधलेला. तो तिनं मिएनच्या पिशवीत कोंबला. "मी दिला म्हणून सांगू नकोस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "विचारलं तर सांग."

बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी त्वाननं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. "तू जा," तो म्हणाला. "मी इथं आहे." मिएननं त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाची पाटी वाचत होता, जी त्याला त्या अंतरावरून मुळीच दिसत नव्हती.

दार बाईंनीच उघडलं. घरातल्या साध्या कपड्यांत होत्या, डोळ्यांवर चष्मा होता. मिएननं येताना सगळी वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आलं नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. बाई दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

मिएनला वाटलं, हे बरोबर आहे. आपल्याला उंबरठ्याबाहेरच उभं करायला हवं.

"आत येण्याआधी सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "तुझ्या आधी कुणी आलेलं नाही. पोरं सणाला सायगावहून आली नाहीत, कारखान्यातल्या कुणाला सवड झाली नाही. वर्षाचं पहिलं पाऊल तुझं पडणार. पुढे माझं काही वाकडं झालं तर लोक तुझं नाव घेतील. बघ, चालत असेल तर ये."

ज्या बाईंना सणाच्या सकाळी घरोघरची बोलावणी पुरी करताना दमछाक व्हायची, त्यांच्या दारात तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी फिरकलं नव्हतं. मिएनला एकदम रडू फुटलं. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. "बाई, आम्ही घरात होतो," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुझ्या आजीचा खोकला मी ओळखते. हिवाळ्यात तिला आल्याचा रस द्यायला सांगितलं होतं, देत नाही वाटतं कुणी." बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला राग आला. खोटं कशाला सांगू? वाटेत मोपेड थांबवावी लागली. पण दाराचं तेवढं नाही गं. म्हाताऱ्या माणसांचे शकुन असतात. मला बैठकीचं लागलं. तू मला खोडलं असतंस तरी चाललं असतं. तू नकाशात बघत बसलीस."

"हो."

"बरं. आज काय आणलंस?"

"प्रश्न आणलाय," मिएन नाक पुसत म्हणाली. "त्या सांध्यांची तपासणी अजूनही करून घ्यायची तर कशी?"

"आणि उत्तर?"

"सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत मी मागेन. लेखी. साहेबांनी मला नेमायच्या आधी. नंतर मागितली तर माझ्याच्यानं होणार नाही, मला माझी खात्री नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आपल्यात चुकलं तरी चालतं अशी पद्धत होती," त्या म्हणाल्या. "हे चुकलं तर तुझी खुर्ची जाईल, आणि माझ्या खोलीत दुसरं टेबल मावत नाही. पुन्हा विचार कर. पण उत्तर बरोबर आहे." आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

मिएननं उजवा पाय आत टाकला. खोलीत टेबलावर मिठाईचा डबा, बियांची बशी, पालथे घातलेले कप, सगळं पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं होतं आणि कशालाच हात लागला नव्हता. तिनं पिशवीतला चुंग काढून ठेवला. बाईंनी पानांची बांधणी बघितली आणि कुणाची ते विचारलं नाही.

त्या खिडकीशी गेल्या. तिथून गल्लीचं तोंड दिसत होतं. झिरमिरीत मोटारसायकलशेजारी एक माणूस डोक्यावर पिशवी धरून, पाठ करून उभा होता.

"त्वानभाऊच ना ते?" बाईंनी विचारलं. मिएननं मान डोलावली. त्यांना यायची लाज वाटते, हे तिला सांगवेना.

बाईंनी तीन कप सुलटे केले. "जा, घेऊन ये त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणावं, दार उघडं आहे. घरात माणूस आहे."